झोळीला बांधलेला माऊस

यांच्या लॅपटॉपवर एक हिरवा ठिपका असतो, बारीक, तिळाएवढा. लग्न करून पुण्यात आले तेव्हा मला वाटलं चार्जिंगचा असेल, पण तो नोकरीचा निघाला. हे घरूनच काम करतात, लांबलांबच्या गिऱ्हाइकांच्या कॉम्प्युटरची दुखणी इथे बसून बरी करतात, आणि तिकडे ऑफिसात सरांना दिसतं की ठिपका हिरवा आहे म्हणजे माणूस जागेवर आहे. पाच मिनिटं माऊस हलला नाही की ठिपका पिवळा. पिवळा झाला की सरांचा फोन.

असा फोन दोनदा येऊन गेला होता. एकदा हे आंघोळीला गेले म्हणून, एकदा वरणभात खात होते म्हणून. सर म्हणाले, "आता तिसऱ्यांदा पिवळं दिसलं की रोज ऑफिसला या. आम्ही सगळे मिळून लक्ष ठेवू तुमच्यावर." ऑफिस हिंजवडीला आणि आम्ही कसबा पेठेत, म्हणजे सकाळी आठला गेलेला माणूस दिवेलागणीनंतर घरी, आणि दिवसभर घरात कोण, तर मी आणि पाच महिन्यांची पोरगी.

मला त्याचीच धास्ती होती. आमच्या यवतमाळकडच्या घरात नऊ माणसं, मी जन्मात कधी एकटी बसले नाही, शाळासुद्धा नववीत सुटली ती घरात माणसं जास्त, कामं जास्त म्हणून. इथे बेल वाजली तरी मी यांच्या मागे जाऊन उभी राहायचे. एकदाच एकटी खाली दुकानात गेले आणि विचारलं, "दादा, ब्रेड ताजा आहे का?" तर ते म्हणाले, "नाही हो, खास तुमच्यासाठी शिळा करून ठेवलाय." मी ब्रेड न घेताच पळत वर आले. त्यानंतर यांच्याशिवाय उंबरा ओलांडला नाही.

तर हे घरी राहायला पाहिजेत, आणि हे घरी राहायचे तर ठिपका हिरवा राहायला पाहिजे. यांनी मला शिकवून ठेवलं होतं, मी आंघोळीला गेलो की माऊस हलवत राहा, बाकी कशाला हात लावू नको. पण एका हाताने माऊस हलवायचा, दुसऱ्या हाताने झोळी हलवायची, गॅसवर भाजी, खालच्या गल्लीत तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची ठकठक, त्याने पोरगी दचकून उठायची, आणि मला हात दोनच. एक दिवस भाजी करपली. दुसऱ्या दिवशी परत करपली. तिसऱ्या दिवशी मी झोळीकडे बघितलं, माऊसकडे बघितलं, आणि म्हटलं, दोन्ही हलवायचंच आहे तर एकदाच हलवू.

माऊसला वायर नव्हती ते बरं झालं. झोळीखाली पाट ठेवला, पाटावर माऊस, त्याला एक परकराची नाडी बांधून झोळीला अडकवली आणि दुसरीकडून माझ्या केसांचं रबर बांधून खुर्चीच्या पायाला. झोळी पुढे गेली की नाडी माऊस ओढायची, मागे आली की रबर ओढून घ्यायचं. स्क्रीनवरचा बाण इकडून तिकडे, तिकडून इकडे. ठिपका हिरवागार.

हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि बघतच राहिले.

"हे काय करून राहिली तू?"

"तुमची नोकरी."

एवढे हसले, एवढे हसले की पोरगी उठली, मग तिला झोपवायला झोळी हलवली, मग काय, आणखी हिरवं. यांना हुरूप आला. काम आलं की बसून करायचे, काम बिनचूक, त्यात खोट नाही. पण काम नसलं की आता जिवाला आराम. कटिंगला जाऊन आले. दुपारी वीस मिनिटं आडवे व्हायला लागले. चौथ्या दिवशी तर म्हणतात कसे, "पोरगी आज जास्त झोपली नाही का? मले जरा पोस्टात जायचं होतं." म्हणजे बापाची सुट्टी पोरीच्या झोपेवर. मीही काही कमी नव्हते, ती जागी असली तरी रिकामी झोळी हलवायचे, एक पाय झोळीला आणि मांडीवर पोरगी आणि तोंडात शेंगदाणे.

दोन आठवडे असे गेले. मग एका सकाळी अकराला सरांचा फोन आला, लॅपटॉपवर, तोंड दिसणारा. सर पुण्याचेच. ते ओरडत नाहीत, हळू बोलतात, त्याने जास्त भीती वाटते.

"कॅमेरा चालू ठेवा," सर म्हणाले. "तुमच्या माऊसबद्दल मला जरा कुतूहल आहे. त्याची हालचालही इथे नोंदली जाते. तो रोज दोन-दोन तास डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जातो. एकसारखा. घड्याळाच्या लंबकासारखा. बाजारात अशी यंत्रं मिळतात हे मला माहीत आहे. ती वापरणाऱ्यांना आपण काढून टाकतो हे तुम्हाला माहीत आहे. तर, यंत्र कुठे आहे?"

यांचे कान लाल झाले. मी आतल्या दाराआड, कडेवर पोरगी. मला वाटलं आता गेली नोकरी, ऑफिस राहिलं बाजूला, हे घरही सुटलं, आता बिछाना गुंडाळून गावाकडच्या गाडीत. पण माझेच पाय मला पुढे घेऊन गेले, मला कळलंसुद्धा नाही, आणि मी कॅमेऱ्यासमोर जाऊन म्हटलं, "सर, यंत्र नाही, झोळी आहे."

"काय आहे?"

"झोळी. पोरीची. मी बांधला तिला माऊस. यांनी नाही बांधला."

सर म्हणाले, "दाखवा."

यांनी लॅपटॉप फिरवला. मी पोरीला झोळीत टाकलं, तिला तेव्हा नको होतं, तिने पाय झाडले, मी रबर लावलं, नाडी लावली, घाईत गाठ दोनदा सुटली. झोळी हलवली. सर तिकडे आपल्या स्क्रीनकडे बघत होते.

"जरा जोरात," सर म्हणाले.

मी जोरात हलवली.

"हं. आता सावकाश. बरोबर." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे दोन आठवडे मी तुमच्या मुलीची हजेरी घेतोय. अकरा ते एक इतकं नियमित काम बघून मी तुमचं कौतुक करणार होतो. आणि ताई, संध्याकाळी सहाला वेग एकदम का वाढतो?"

"तिच्या पोटात दुखते तेव्हा. रडते लई."

"अच्छा," सर म्हणाले. "मला वाटलं, कामाचा उत्साह."

पोरगी झोळीतून फुर्र फुर्र करत होती. सर म्हणाले, "कामं वेळेत झालेली आहेत, ते मी तपासलंय. आणि नियम यंत्राचा आहे, झोळीचा नियम अजून कोणी लिहिला नाही. नोकरी जात नाही. पण सोमवार-मंगळवार ऑफिसला यायचं, म्हणजे मला माणूसही बघायला मिळेल."

तेव्हा माझ्या तोंडून आमच्या घरची बोलीच निघाली. "सर, मले एकटीले भेव लागते इथं."

हे खालून माझा पदर ओढत होते. सर माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, मी जन्मापासून इथेच आहे. मलाही लागतं. आम्ही दाखवत नाही इतकंच. सोमवार-मंगळवार." आणि फोन बंद.

"तू बोलली काऊन?" हे म्हणाले. "मी सांगणार होतो ना, हाताला मुंग्या येतात म्हणून हात हलतो."

"दोन-दोन तास?"

हे माऊसची नाडी सोडायला लागले.

सोमवारी हे आठला गेले. जाताना चार वेळा सांगितलं, घाबरू नको, कोणी आलं तरी दार उघडू नको, दर तासाला फोन करतो. मी खिडकीतून पाठ दिसेपर्यंत बघितलं आणि मग भिंतीला टेकून बसले, आता दिवस जातो कसा म्हणून. पण पोरीने दूध ओकलं, ते पुसलं, मग तिची दुपटी धुतली, मग ती पहिल्यांदा स्वतःच्या स्वतः पालथी पडली आणि हात अडकला म्हणून ओरडली, मग परत पडली, मग मीच तिला उताणी करायचे आणि ती पडायची, असा खेळ. मध्ये जेवले. मध्ये डुलकी लागली. यांचे फोन येत होते, मी "हो, बरी आहे" म्हणायचे, दरवेळी आवाज थोडा बारीक करून.

चार वाजता कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला उठले तर दार नुसतं लोटलेलं. हे सकाळी गेल्यापासून मी कडीच लावली नव्हती. आठ तास घर उघडं, आणि मी आत घोरत होते.

कडी लावली. तेवढ्यात यांचा फोन आला, आवाजात एवढी काळजी, म्हणाले येताना भेळ आणू का तुझ्यासाठी? मी बारीक आवाजात म्हटलं, "आणा, जरा तिखट."

कडीचं मी यांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी भेळ येते, मंगळवारी कधी कधी वडापाव.