पायवाटेवर बांधलेली चुनरी

नर्मदेच्या काठावर माझ्या ताईचं घर आहे, आणि ते राहणार की पाण्यात जाणार या काळजीने मी कितीतरी वर्षं पोखरले गेले. मी शहरात, गढा भागात राहते, ती शहराबाहेर नदीवरच्या वस्तीत. भाऊजी गेल्यापासून एकटीच. दर पावसाळ्यानंतर मी जाऊन तिचं परसदार बघायची आणि काठाची दरड घराकडे आणखी सरकलेली असायची. आधी पेरूचं झाड गेलं, मग कपडे धुवायचा दगड. "माझ्याकडे राहायला चल," म्हटलं की ती म्हणे, "तुझ्या गल्लीतून मैया दिसते का?" तिची मैया म्हणजे नर्मदा.

शेवटी वस्तीनेच मनावर घेतलं. शहरातल्या एका संस्थेची दीदी यायची. तिने मंदिराच्या आवारात सगळ्यांना जमवलं आणि रांगोळीने वस्तीचा नकाशा काढायला लावला. मला अशा बैठकांचा वीट आहे. चहा होतो, टाळ्या होतात आणि नदी आपलं काम करत राहते. पण रांगोळी म्हटल्यावर बायका पदर खोचून बसल्या. घरं पांढरी, पाणी निळं, मधली रेती पिवळी. मग दीदी म्हणाली, "आता आपापला नदीवर जायचा रस्ता काढा." प्रत्येकीने आपल्या मागच्या दारापासून थेट पाण्यापर्यंत एक लाल रेघ ओढली. रेघा ओढून झाल्या तेव्हा त्या लाल रंगाखाली काठ दिसेनासा झाला होता.

तिथली रीतच तशी. सकाळची अंघोळ नदीवर, आणि जायचं ते स्वतःच्या दारातून. शेजारणीच्या वाटेने गेलं तर पुण्य तिच्या पदरात पडेल असंच जणू सगळ्यांना वाटायचं. पावसाचं पाणी त्याच तुडवलेल्या वाटांनी धावायचं, घळी पाडायचं आणि दरड खाली ओढून न्यायचं. खालच्या रेतीवरचं कांस गवतही लोकांच्या आणि गुरांच्या पायांनी साफ झालेलं, म्हणजे पूर आला की अडवायला काहीच नाही.

मग ठरलं. मंदिराजवळची एकच वाट सगळ्यांची. बाकीच्या आडवे बांबू लावून बंद करायच्या, त्यांवर माती धरून ठेवणारं वाळ्याचं गवत लावायचं, रेतीवरचं कांस वाढू द्यायचं, टरबुजांचे वाफे दरडीपासून दूर न्यायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि प्रत्येकाने मोठ्या उत्साहाने दुसऱ्याच्या वाटेवर वाळा लावला. स्वतःच्या वाटेवरचे आडवे बांबू मात्र सकाळी बाजूला झालेले असायचे. विचारलं तर उत्तर तयार: "मैया का रास्ता कैसे बंद कर दें, दीदी?"

सगळ्यांत हट्टी माझी बहीण. तिचे गुडघे दुखतात म्हणून भाऊजींनी त्या उतारावर एकेक दगड बसवून पायऱ्या केल्या होत्या. "त्यांनी माझ्यासाठी केल्या. मी काहून बुजवू?"

"अगं, घर जाईल."

"जाऊ दे. तू काहून एवढी ओरडून राहिली?"

मी चप्पल घातली आणि न जेवता निघाले. बसमध्ये मात्र रडू आवरेना. मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती.

नर्मदा जयंतीला वस्तीत चुनरी चढवतात. साड्यांना साड्या जोडून होडीतून या तीरावरून त्या तीरावर नेतात. नंतर तिचे तुकडे प्रसाद म्हणून घरोघरी जातात. त्या वर्षी मी रुसवा गिळून गेले होते. चुनरी परत आली तशी ताई उठली आणि म्हणाली, "इस बार टुकड़े नहीं होंगे. रास्तों पर बाँधो. पहले मेरे." बायका बघतच राहिल्या. मी तर उडालेच. मला हळूच म्हणाली, "खालची पायरी गेली वाहून. घर गेलं तर वरच्या कुठे राहून राहिल्या? एवढं कळते मला."

बांबू ओलांडणारी माणसं चुनरी थोडीच ओलांडणार? मैयाला नेसवलेलं वस्त्र ते. बकरी जरी तिकडे वळली तरी चार दारांतून आरडाओरडा व्हायचा.

भाद्रपदात वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आणि पाणी चढलं. ताई वस्तीतल्या सगळ्यांबरोबर उंचावरच्या शाळेत गेली. पाणी उतरल्याचा निरोप आला तशी मी धावत गेले. घराला वळसा घालून परसात पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. परसदार होतं तेवढंच होतं. वाळा आडवा झाला होता, चिखलाने माखला होता, पण मुळं घट्ट धरून होता. दरड जागची हलली नव्हती. मी तिथेच ओल्या मातीत बसले आणि वेड्यासारखी हसत सुटले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ताई गवतात वाकली, हात खुपसून चाचपत राहिली. "आहेत," म्हणाली. "पायऱ्या आहेत."

मग कपडे काखेत घेऊन ती मंदिराच्या बाजूला निघाली. तो उतार लांबचा, आणि चिखलाने निसरडा झालेला. वरच थांबून ती मला म्हणाली, "चलो, हात दे." भाऊजी गेल्यापासून तिने कुणाकडे हात मागितला नव्हता.