मार्थाबाईंचा घसा आणि दोन कळप

सातारा सोडताना गाडीत दोन माणसं, एक पेटी आणि कंदी पेढ्यांचे तीन पुडे होते. कराडजवळचं मलकापूर येईपर्यंत पुडे दोन उरले.

गाडी चालवत होते दाविद पाळक. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत धर्मगुरूला पाळक म्हणतात. आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. ते धर्मकार्यात गेले, मी वर्तमानपत्रात. जत तालुक्यातल्या एका गावी त्यांना हंगामाच्या सणाला बोलावलं होतं. ज्वारीची सुगी झाली की तिथली मंडळी शेतातलं, परसातलं काही ना काही देवापुढे आणून ठेवते, शनिवारी त्याचा लिलाव होतो आणि रविवारी उपासना. मी त्यांच्या धर्माचा नाही आणि मला कुणी बोलावलंही नव्हतं.

"आयुष्यभर लोकांची भाषणं कापत आलास," पाळक म्हणाले. "एकदा माझं ऐक. कात्री घरी ठेवून."

उपदेशाचा विषय होता, देव आपला मेंढपाळ. इस्लामपूर ते सांगली त्यांनी तो मला पूर्ण म्हणून दाखवला. मेंढपाळ हाक मारतो, मेंढरं त्याचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, असं येशूने सांगितलं आहे. तेव्हा आपणही ऐकायला शिकलं पाहिजे. दोनदा उसाचे ट्रॅक्टर आडवे आले. त्यांच्यावरच्या स्पीकरची गाणी इतकी मोठी होती की त्या दोन मुद्द्यांवर मला मत देता येत नाही. सांगलीला भडंग घेतलं. पाळक खायला थांबले, बोलायचे थांबले नाहीत.

मिरज मागे पडली तसा ऊस विरळ झाला आणि कवठेमहांकाळच्या पुढे संपला. मग माळ, बाभळी, लांबवर पवनचक्क्या आणि कापलेल्या ज्वारीची खोडं. रस्त्याकडेच्या पाट्यांवर अधूनमधून कन्नड अक्षरं दिसू लागली.

गावातलं मंदिर (इथले ख्रिस्ती चर्चला मंदिरच म्हणतात) पत्र्याच्या छपराचं, पुढे लिंबाचं झाड. झाडाखाली भोपळे, अंडी, कोंबडे, ज्वारीच्या पाट्या. आणि एका खुर्चीवर उभी राहून लिलाव पुकारणारी पन्नाशीची बाई. या मार्थाबाई. त्या गावात मेंढरं राखतात.

"सलाम, पाळकसायेब!" त्या वरूनच ओरडल्या. "बरोबर कोन? घेनारं हायती का नुसतं बघनारं?"

मला बघ्या म्हणवून घेणं आवडत नाही. मी भोपळ्याला बोली लावली, भोपळा मला मिळाला, मी पैसे दिले आणि भोपळा उचलून गाडीत ठेवायला निघालो. मागे एकदम शांतता पसरली. वळून पाहिलं तर सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती.

"पाव्हणं," मार्थाबाई म्हणाल्या, "देवाचा भोपळा घिऊन कुटं चालला?"

तिथली रीत अशी की वस्तू बोलीत घ्यायची, आणि लगेच परत देवाला द्यायची. मग तिचा पुन्हा लिलाव. मी भोपळा आणून ठेवला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या भोपळ्याला इतका मान आला की संध्याकाळपर्यंत तो विकत घेऊन परत देण्याची चढाओढ लागली. शेवटी शेवटी मार्थाबाईंच्या घशातून फक्त वारा येत होता. सूर्य कलला तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर पडलं नाही. मंडळी हसली. त्याही हसल्या, आवाजाविना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसण्यासारखं त्यात काही उरलं नाही.

गावात पाण्याचा टँकर येतो. तो हौदात पाणी सोडतो, मग माणसं भरून नेतात आणि जनावरं पितात. मार्थाबाईंचा कळप आधी पितो आणि त्यांचे शेजारी बिराप्पा यांचा नंतर, हे ठरलेलं. रविवारी टँकर उशिरा आला. तोपर्यंत दोन्ही कळप तहानेने कासावीस होऊन हौदाकडे निघाले होते. पाण्याचा वास आल्यावर त्यांना कुणी धरू शकलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा हौदाभोवती एकच कळप होता आणि त्याला दोन मालक होते.

एरवी यात फारसं बिघडत नाही. मार्थाबाईंच्या मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा असतो, बिराप्पांच्या मेंढरांच्या पाठीवर निळा. पण त्याच आठवड्यात कातरणी झाली होती. लोकरीबरोबर पट्टेही गेले होते. सगळी मेंढरं सारखीच उघडी आणि सारखीच ओशाळलेली दिसत होती.

"तोंडावरून ओळखता येत नाहीत?" मी विचारलं.

"येत्यात की," बिराप्पा म्हणाले. उंच, वाळके, खांद्यावर घोंगडी. "मोटी वळकू येत्यात. कोकरांचं काय? आन एकेक धरत बसलो तर दिवस जाईल. माझी मान्सं फुडं गेल्यात, सांगलीकडं. ऊस तुटलेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची हायती. आज निगालोच पायजे."

अशा वेळची तिथली पद्धत सोपी आहे. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं आणि हाक मारायची. ज्याच्या हाकेला जे मेंढरू जाईल ते त्याचं. मागून तक्रार नाही.

सगळ्यांनी मार्थाबाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. वारा.

पाळकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. मार्थाबाईंचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. मुलगा सांगलीत नोकरीला. मेंढरं विकून टाक आणि इकडे ये, म्हणून तो सारखा मागे लागलेला. कळप टिकला तर त्या गावात राहणार. अर्धा गेला तर उरलेला विकावा लागेल, कारण तेवढ्यावर भागत नाही. एवढं सगळं त्या सकाळी एका घशावर येऊन थांबलं होतं.

मंडळी उपासना सोडून हौदावर आली. मदतीला सगळेच तयार होते, आणि पुढचा तासभर जे झालं त्याची नोंद मी शक्य तितक्या सरळपणे करतो.

प्रथम दाविद पाळकांनी मार्थाबाईंची हाक मारून पाहिली. जीभ टाळूला लावून काढायचा तो आवाज होता. पाळकांच्या तोंडून तो बिघडलेल्या मोटारपंपासारखा निघाला. मेंढरांनी माना वर केल्या, पाळकांना नीट पाहून घेतलं आणि पुन्हा पाण्यात तोंडं घातली.

"सायेब," बिराप्पा म्हणाले, "तुमी मान्संच सांभाळा."

मग मी हाक मारली. एक कुत्रा आला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं की कालचा लिलाव मोबाइलवर घेतला आहे. मार्थाबाईंचा खराखुरा आवाज! मोबाइल मंदिराच्या स्पीकरला लावला. माळावर त्यांचा आवाज घुमला: "भोपळा! देवाचा भोपळा! कोन वर जानार?" मेंढरं ढिम्म. मात्र मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यांनी सवयीने बोली वाढवली. त्यांच्या सुनेने त्यांचा हात खाली ओढला. टँकरचा ड्रायव्हर पोट धरून टायरवर बसला आणि मार्थाबाई स्वतः डोळ्यांना पदर लावून गदगदा हलत होत्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

पदर खाली आला तेव्हा चेहरा कोरडा होता. त्यांनी पाळकांना खाली वाकवलं आणि त्यांच्या कानात काही तरी पुटपुटल्या.

पाळक सरळ झाले. "मार्थाबाई म्हणतात, बिराप्पांनी कृपा करून आपली हाक मारावी."

"अक्का असं बोलनार न्हाई," बिराप्पा म्हणाले. "खरं काय म्हनली ती सांगा."

पाळक घुटमळले. "म्हणाल्या... मुडद्या, हुबा काय ऱ्हायलायस, मार की हाक."

"आता पटलं," बिराप्पा म्हणाले. पण त्यांनी हाक मारली नाही. ते मार्थाबाईंजवळ आले आणि आवाज खाली आणून बोलले. "अक्का, येड्यावानी करू नगंस. मेंढरू हाय ते. एक पळालं की समदी पळत्यात. तुजी बी येतील माज्या मागं. मग मागनं मला म्हनू नगंस. घसा सुटंस्तवर थांबतो मी."

मार्थाबाईंनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा पाळकांचा कान.

"म्हणतात, तुझी माणसं पुढे वाट बघतायत. आणि..." पाळक थांबले. "आणि म्हणतात, माझी येणार नाहीत."

बिराप्पा हौदाच्या पश्चिमेला गेले. आम्हा सगळ्यांना मागे सरकवलं. त्यांनी तोंडाजवळ हात धरला. "बाऽऽ! बा, बा, बाऽऽ!" (कन्नडमध्ये 'ये'.)

अख्खा कळप हलला.

पाण्यातली तोंडं एकदम वर आली आणि सगळीच्या सगळी मेंढरं, एकही मागे न राहता, बिराप्पांच्या दिशेने पळत सुटली. धूळ उठली. माझ्याशेजारी कुणी तरी "देवा!" म्हणालं. बिराप्पा पाठ फिरवून चालत होते, कारण हाक मारल्यावर मागे बघायचं नसतं. पाळकांनी माझं मनगट पकडलं होतं. त्याचे वळ सांगलीपर्यंत होते.

मार्थाबाई जागच्या हलल्या नाहीत. हाताची घडी घालून उभ्या होत्या.

धुळीत मग काही तरी झालं. कळपाचा मागचा भाग मंदावला. एक मेंढी थांबली. तिच्यावर मागची आदळली आणि तीही थांबली. पुढची पळतच राहिली आणि मधे मोकळी जागा पडली, आधी हातभर, मग बैलगाडीएवढी. जी थांबली होती ती माळावर तशीच उभी राहिली, माना इकडे तिकडे करत, कुठलीही हाक नसताना. बिराप्पा पुन्हा ओरडले, "बाऽऽ!" थांबलेल्यांपैकी एकाही मेंढराने त्या दिशेला पाऊल टाकलं नाही.

मार्थाबाईंनी घडी सोडली, वळल्या आणि आपल्या वाड्याकडे (मेंढरं कोंडायचं काटेरी कुंपण) चालू लागल्या. त्यांनी टाळी वाजवली नाही, खूण केली नाही. थांबलेला कळप त्यांच्या मागे निघाला.

त्यानंतर जो गोंगाट झाला त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की ड्रायव्हरने टँकरचा पाइप हवेत धरला, मंडळी भिजली, पाळक नाचले. माझ्याविषयी जे सांगितलं जातं ते अतिरंजित आहे. मी फक्त उडी मारली.

बिराप्पा लांबून परत आले, काखेत एक कोकरू. "ह्ये येडं तुजं हाय, अक्का. आईला सोडून माज्या मागं आलं." कोकरू खाली ठेवलं आणि ते निघाले. तक्रार नाही ही रीत दोन्ही बाजूंना लागू असते. त्यांनी ते ठेवून घेतलं असतं तरी कुणी बोललं नसतं.

उपासना दुपारी झाली. पाळकांनी उपदेश पूर्ण दिला, एक वाक्यही न गाळता. मंडळी फार प्रेमाने ऐकत होती आणि सगळ्यांच्या नजरा दाराबाहेर, कुंपणाकडे होत्या.

निघण्यापूर्वी मार्थाबाईंनी घरी नेलं. हुलग्याचं माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ कढी), भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी इतकी तिखट की पाळकांनी शिल्लक पेढे तिथेच संपवले. मार्थाबाईंचा घसा थोडा सुटला होता. खरखरत का होईना, शब्द येत होते.

"तुम्हाला भीती वाटली नाही?" मी विचारलं.

"वाटली की! समदी पळाली तवा त्यास्नी बोलवाया हात आपसूक वर जात हुतं. हाताची घडी उगं घातली व्हय?"

"मग इतक्या खात्रीने कसं सांगितलंत?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"आवं, मालक गेलं तवापास्नं मी रोज प्रार्थना करते. दोन वरसं झाली. वरनं एक शबुद न्हाई. लेक म्हनतो हिकडं ये, भाऊबंद म्हनत्यात इकून टाक, समदी हाका मारत्यात. त्यो तेवडा गप. म्हून काय मी दुसऱ्या कुनाच्या मागं गेले?" त्यांनी तुकडा तोंडात टाकला. "मला जमतंय, तर मेंढरास्नी न्हाई जमायचं?"

 

परतीच्या वाटेवर पाळकांनी गाडीत एकदाही उपदेश म्हटला नाही. मिरजेपासून ऊस पुन्हा सुरू झाला, ट्रॅक्टर आले, त्यांची गाणी आली आणि गेली. मी आजवर छापली ती माणसं बोलत होती म्हणून छापली. कुणी गप्प राहिलं तर आमच्याकडे बातमी नसते. मार्थाबाईंच्या घरी मी एक बातमी ऐकली होती, आणि तिच्यात जो मुख्य होता तो एक शब्दही बोलला नव्हता. तिचा मथळा काय करायचा, हे मला कराडपर्यंत सुचलं नाही आणि नंतरही नाही.

साताऱ्याचे दिवे दिसू लागले तेव्हा मी विचारलं, "पुढच्या रविवारी कशावर बोलणार?"

पाळक हसू लागले. इतके, की त्यांना गाडी कडेला घ्यावी लागली.

"बोलणार नाही," ते म्हणाले. "वर जाऊन गप्प उभा राहीन. बघू, किती जण थांबतात."