या आठवड्याचे वाचक

किस्से गोळा करावे लागत नाहीत हो, ते आपोआप साचतात. शाळेत तर फारच! आणि त्यात आपण ग्रंथपाल असलो तर विचारूच नका. दिवसभर समोर माणसं, हातात चहा आणि तोंडाला काम नाही. आमच्या स्टाफरूममध्ये आज जे किस्से फिरतात त्यातले निम्मे माझ्यावरचे आहेत, आणि ते सगळे एका इन्स्टाग्रामच्या खात्यापायी झालेले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा मीच सांगतो.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीला तुम्ही हसाल, मीही हसेन. पण त्या खात्यापायी दहावीतल्या एका चांगल्या पोरीला मी गावभर मान खाली घालायला लावली. समीक्षा तिचं नाव. ते सांगताना मला लाज वाटणार आहे, तेव्हा मध्येच थांबलो तर समजून घ्या.

*

शाळा आमची अड्याळच्या बाजूची. भंडाऱ्याला ग्रंथपालांचं एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. एक मोठे तज्ज्ञ आले होते. ते म्हणाले, "पोरं लायब्ररीत येत नाहीत, मोबाइलमध्ये असतात. मग तुम्ही मोबाइलमध्ये जा!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जेवण चांगलं होतं.

परत आल्याबरोबर लायब्ररीचं इन्स्टाग्राम खातं उघडलं आणि कपाटांचा फोटो टाकला. आठ दिवसांत अकरा फॉलोअर! त्यात नऊ आमचाच स्टाफ, एक माझी साळी आणि एक सोफासेटचं दुकान.

आमचा शिपाई शालिक माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये बघत होता. रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेला माणूस, कोणाची भीडभाड नाही. म्हणाला, "सर, पोरं तं खाली मैदानात हायेत. तुम्ही याच्यात कोनाले शोधून राहिले?"

*

पोरं फॉलो का करत नाहीत म्हणून मी नववीच्या वर्गात जाऊन विचारलं. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी एक जण उभा झाला. "सर, फॉलो केलं तं आमच्या स्टोऱ्या तुमाले दिसतीन ना!"

मी म्हटलं, "अरे, मी नाही पाहणार."

"मंग सर, तुम्ही खातं कायले उघडलं?"

पण पोरं हुशार. त्यांनी माझ्यासाठी वेगळी खाती काढली, खोट्या नावांची. महिनाभरात चाळीसच्या वर फॉलोअर झाले आणि ओळखीचा एकही नाही. 'किंग ऑफ पवनी' नावाच्या एकानं मेसेज करून भुताच्या गोष्टी मागितल्या. मोठं गिऱ्हाईक सापडलं म्हणून मी उत्तर लिहिलं, "आदरणीय किंग, पुस्तक काढून ठेवले आहे." दुसऱ्या दिवशी किंग न्यायला आला. पाचवीतला होता. बाकावर बसला की पाय जमिनीला पुरत नव्हते!

*

मग मी मतदान घेतलं. लायब्ररीसाठी पुढची पुस्तकं कोणती घ्यावी, विज्ञानाची की प्रवासाची? खाली कोणीतरी लिहिलं, "दोन्ही नोको. लायब्ररीतला पंखा दहावी अ ले द्या." त्याला जेवढे लाइक मिळाले तेवढी मतंसुद्धा पडली नव्हती.

हेडसरांनी ते वाचलं. दुपारी शालिक शिडी घेऊन हजर! "सर, पोरायची मागणी हाय म्हनते. लोकशाही हाय."

दहावी अ चे वर्गशिक्षक निंबार्ते सर, गणिताचे. माझा जुना दोस्त. डब्यातली भाजी आम्ही अर्धी अर्धी खाणारे. पंखा वर चढताना तो खाली उभा राहून मला म्हणतो, "काय गा रामटेके, तुह्या लायब्ररीचा पहिल्यांदा कोनाले फायदा झाला!" सगळा वर्ग हसला. पहिल्या बाकावर त्याची मुलगी समीक्षा होती. ती एकटी हसली नाही. मला वाटलं, पोरगी जरा अकडू आहे.

*

स्टिकरचा किस्सा तर तालुकाभर गेला. मी एका पुस्तकाची ओळख करून देणारी रील केली. चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडं, असा एक क्षण पोरांनी बरोबर पकडला आणि त्याचं स्टिकर केलं. खाली लिहिलं, "आन ना बे!"

झालं! पोरं एकमेकांना वही मागायला ते पाठवायला लागली. किराणा दुकानदार उधारीवाल्यांना पाठवायला लागला. हेडसरांनी शाळेच्या ग्रुपवर "अहवाल आजच द्या" असं लिहून खाली माझं तोंड चिकटवलं. घरी जाताना बायकोचा मेसेज आला, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणा म्हणून. त्याच्याही खाली मीच!

खरं सांगू? तेव्हा मला आतून बरं वाटायचं. बावीस वर्षं नोकरीत कोणी नाव विचारलं नव्हतं, आता बाजारात पोरं ओळखत होती. त्या फुगण्यातच पुढचं सगळं झालं.

*

आता निंबार्त्याबद्दल सांगायला पाहिजे. तो प्यायचा. गणितात त्याचा हात धरणारा माणूस जिल्ह्यात नसेल, पण कधी कधी सकाळी त्याला उठता यायचं नाही. त्या दिवशी त्याचा पहिला तास आम्ही आपसात वाटून घ्यायचो आणि पोरांनी विचारलं तर सांगायचो, "सरांचा बीपी वाढला." सगळ्या स्टाफचं ठरलेलं होतं. त्याला कोणी एका शब्दानं बोललं नाही आणि मीही नाही. आम्ही त्याला दोस्ती समजायचो.

गाडीची चावी समीक्षाजवळ असायची. शाळा सुटली की ती लायब्ररीत वाचत बसायची आणि बाप आला की त्याला मागे बसवून स्वतः गाडी चालवत घरी न्यायची. माझ्या लायब्ररीत तिच्याएवढं वाचणारं दुसरं कोणी नव्हतं. पण तोंडातून शब्द नाही.

एक दिवस तिचा इन्स्टाग्रामवर मेसेज आला. "सर, घरच्या मानसाची दारू सोडवाले काय करा लागते, असं एखादं पुस्तक हाय काय? कोनाले सांगू नोका."

पुस्तक होतं. कधीतरी शासनाकडून आलेल्या गठ्ठ्यातलं, नावातच 'दारू' असं मोठ्या अक्षरात. मी ते दुसऱ्या दिवशी तिला दिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. मनात काय आलं माहीत आहे? पोरीच्या घरचं नाही आलं. मनात आलं, ट्रेनिंग फळाला आलं! न बोलणारं पोरगं मेसेज करायला लागलं!

*

त्या काळात माझी एक गोष्ट खरोखर जमली होती. दर शनिवारी मी रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकायचो. नाव, वर्ग, पुस्तक, सही, सगळं दिसायचं. वर लिहायचो, "या आठवड्याचे वाचक! तुमचं नाव शोधा!" आपलं नाव झळकतं म्हणून पोरं पुस्तकं न्यायला लागली. एकानं तर नाव यावं म्हणून सलग तीन आठवडे शब्दकोशच नेला!

त्या शनिवारीही टाकला. नेहमीसारखा, घाईघाईत.

रविवारी दुपारी पाहतो तर लाइक थांबेनात. मी खुशीत बायकोला दाखवायला गेलो. तिनं चष्मा लावला आणि पान वरून खाली वाचलं. "अजी, समीक्षा म्हंजे निंबार्ते सरची पोरगी ना? तिच्या नावासमोर कोनतं पुस्तक हाय, वाचलं काय तुमी?"

मग मी खालच्या कमेंट वाचल्या. पहिलीच होती, "सर, बीपीचं पुस्तक नाई काय लायब्ररीत?" त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

म्हणजे पोरांना सगळं माहीत होतं. फक्त लिहून कोणी दिलं नव्हतं, ते मी दिलं. तेही त्या लेकराच्या सहीसकट! फोटो काढून टाकला, पण तोवर तो घरोघरी पोचला होता.

*

सोमवारी समीक्षा आली. पुस्तक टेबलावर ठेवलं. "सर, जमा करा." एवढंच बोलली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर ती लायब्ररीत येईना. गाडीजवळ उन्हात उभी राहायची. येणारीजाणारी पोरं काहीतरी बोलायची आणि ती चपलांकडे बघत राहायची. माझ्या खिडकीतून सगळं दिसत होतं.

मी माफी मागितली. कशी मागितली ते ऐका. मेसेज करून! "सॉरी बेटा, चूक झाली." तिनं वाचला आणि मला ब्लॉक केलं.

शालिकला हे कळलं तेव्हा तो माझ्यावर जाम चिडला. "सर, पोरगी दहा पावलावर उभी हाय. तोंड नाई काय तुमाले?"

गेलो. दहा पावलं चालून गेलो. समोर उभा राहिलो आणि माझ्या तोंडातून काय निघावं? "बोर्डाचा फॉर्म भरला काय?"

"हो सर."

आणि मी परत आलो! बावीस वर्षं पुस्तकांमध्ये काढलेला माणूस मी, आणि मला दोन शब्द जमले नाहीत. त्याच दिवशी खातं बंद केलं.

*

त्यानंतर आठ दिवस निंबार्ते आला नाही. समीक्षा एकटी पायी यायची. हजेरीच्या वेळी हेडसर स्टाफरूममध्ये विचारायचे, "निंबार्ते?" आधी चार जण एकदम 'बीपी' म्हणायचे. आता सगळे चहा ढवळायचे.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर तो सरळ लायब्ररीत आला. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. आठवीचा लायब्ररीचा तास होता, पंचवीस-तीस पोरं समोर बसलेली. मला वाटलं, आता हा माझी कॉलर धरणार. धरली असती तर बरं झालं असतं.

"रामटेके, ते पुस्तक दे."

कोणतं, हे मी विचारलं नाही. कपाटातून काढून दिलं आणि हळूच म्हटलं, "असंच घेऊन जा गा. लिहीत नाही मी."

"असंच कायले? माह्या पोरीनं लिहून नेलं ना?"

त्यानं रजिस्टर स्वतःच ओढून घेतलं. पेन हलू नये म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि फळ्यावर लिहितो तशा मोठ्या अक्षरात स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. वर्गाच्या रकान्यात 'गणित शिक्षक' लिहिलं. मग पुस्तकाचं नाव लिहिलं, एकेक शब्द मोठ्यानं बोलत, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं. सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

"आता काढ फोटो. टाक."

"निंबार्ते... ते खातं मी बंद केलं गा."

"बंद केलं?" त्यानं पेन माझ्या हातात दिला. "मंग चालू कर!"