शनिवारी रात्री कोण झोपलं होतं

गाथोनीआजी सरकारशी पहिल्यांदा खोटं बोलली ती पोटच्या पोरांपायी. एकोणऐंशी सालच्या जनगणनेला मास्तर दारात आले, तेव्हा घरात पाय ठेवायला जागा नव्हती. पण केनियातल्या न्येरीच्या डोंगरात कुठली किकुयू जमातीतली आई पोरं मोजून देते? मोजलं की दृष्ट लागते. दहा हा आकडासुद्धा तोंडातून काढायचा नाही, ‘भरलेले नऊ’ म्हणायचं. आजीने सहा पोरं कॉफीच्या झाडांत पिटाळली आणि चारच दाखवली. मास्तर गेल्यावर नवराबायको पोट धरधरून हसली.

सगळीच्या सगळी जगली, शिकली आणि गेली. कुणी नैरोबीत, कुणी मोंबासाला, धाकटी दुबईत. देशात माणूस मावेनासा झालाय म्हणतात; आजीच्या उतारावर मात्र हाक मारली तर म्हातारीच कुणीतरी ओ देते. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली.

यंदा जनगणनेच्या रात्री, शनिवारी तरी सगळ्यांनी घरी झोपायला यावं, म्हणून तिने महिनाभर फोन केले. सगळे ‘हो हो’ म्हणाले. तिने अंथरुणं घातली, मोठं पातेलं भरून मका-घेवड्याचं गिथेरी शिजवलं. आलं कुणीच नाही. ज्याला त्याला काहीतरी निघालं.

सोमवारी सकाळी गावातलीच मुगुरे मोजणीला आली.

“आजी, शनिवारी रात्री इथे कोण कोण झोपलं होतं?”

“लिही. कारियुकी, न्जेरी, मुरिऊकी...”

“अगं, न्जेरीमावशी नैरोबीत आहे! जो जिथे झोपला, तिथेच मोजायचा.”

“तिथे कोण ओळखतं त्यांना? घर माझं, पोरं माझी. तू कोण गं ठरवणारी?”

“मी कोण ठरवणार? नियम आहे, आजी.”

“होती तेव्हा लपवली मी,” आजी म्हणाली. “आता एकेक नाव सांगतेय, तर तू घेत नाहीस.”

मुगुरेने मान खाली घालून ‘एक’ लिहिलं. नवरा गेला त्या दिवशीही आजीला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

“मग आज तू राहा इथे,” ती एकदम म्हणाली. “अंथरूण आहे, गरम काहीतरी करते. उद्या दोन लिही.”

मुगुरेला हसू फुटलं. मग तिने आजीच्या तोंडाकडे पाहिलं.

“शनिवारची रात्र होऊन गेली गं, आजी,” ती म्हणाली.