येणं बंद

मावशी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, तरी केंद्रात सगळे तिला मावशीच म्हणायचे. अर्धांग झालेल्या माणसांना पुन्हा चालायला शिकवायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. "पाय उचल रे ढोंग्या, बायको पळून जाईल!" असं ओरडायची आणि माणूस हसत हसत पाऊल टाकायचा.

मी तिथला कारकून. घोळ माझाच. पेशंट यायचा थांबला की मी रजिस्टरात 'येणं बंद' असा शेरा मारायचो. बरा झाला तरी तेच, वारला तरी तेच. आम्हाला सगळं तोंडपाठ होतं ना! पण केंद्राला पैसे देणारे नवे होते. धंद्यात मुरलेले, समाजकामात पहिल्यांदाच पैसे घातलेले. त्यांनी एक्केचाळीस 'येणं बंद' मोजले आणि म्हणाले, "निम्मे लोक सोडून जातात. मग हे चालू कशाला ठेवायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण बोलणार काय, कपाळ? अक्षर माझंच होतं.

मावशी यादी घेऊन घरोघर फिरली. दारातूनच म्हणायची, "चालून दाखव." जिथे माणूस उरला नव्हता, तिथे नुसती बसून यायची. पंधरा दिवसांत चाळीस घरं झाली. सव्वीस जण कामाला लागले होते, नऊ वारले होते, पाच जणांना जिना उतरवत नव्हता. एक्केचाळिसावं नाव तिच्या नवऱ्याचं, तोही आमचाच पेशंट. तो मागच्या वर्षीच गेला.

पैसे देणाऱ्या साहेबांच्या नव्या फॉर्मवर प्रश्न एकच: कामावर परतला का?

"मावशी, शेवटच्या नावापुढे 'हो' लिहितो. कोण बघायला येतंय?"

"गप रे. एक खोटं घुसलं तर सव्वीस खऱ्यांवर कोण विश्वास ठेवेल?" तिनं स्वतः 'नाही' लिहिलं आणि सही केली.

बैठकीत साहेबांनी आकडे पाहिले आणि केंद्र चालू ठेवायचं ठरलं. मला रडूच आलं. उठता उठता त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे यांना काहीच फायदा झाला नाही?"

मावशीनं फॉर्म आपल्याकडे ओढून घेतला.

"साहेब, ते शेवटच्या दिवसापर्यंत आपल्या पायांनी संडासला गेले. मला एकदाही उचलू दिलं नाही. पण तुम्ही ते विचारलंच नव्हतं."