डोंगराचा श्वास

आई त्याला लहानपणापासून खुडबुड्या म्हणायची. चमचा ग्लासावर आपट, दाराची कडी उगीच वाजव, रिकाम्या बादलीत तोंड घालून ओरड, असं चालायचं दिवसभर. "या पोराचं पुढे काय व्हायचं?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी. व्हायचं ते असं झालं की चाळिशी ओलांडलेला हा गृहस्थ मुलांच्या कार्टूनना आवाज पुरवू लागला. बोलण्याचे आवाज नव्हेत, ते नटमंडळी करतात. याच्याकडे उरलेलं सगळं. चित्रातलं पाऊल वाजत नाही, चित्रातलं दार मुकाट्यानंच उघडतं. ते वाजवायचं काम याचं. मक्याच्या पिठाची पुरचुंडी दाबली की बर्फात पाऊल पडे, जुनी छत्री भराभर उघडमीट केली की गरुड उडे, आणि गाजर मोडलं की दुष्टाचं हाड मोडे. बायको म्हणायची, "आमच्याकडे भाजी आधी मरते, मग शिजते."

स्टुडिओत जमलं नाही की तो यंत्र घेऊन घरी यायचा, आणि त्यातून त्या घराला एक शिस्त लागली होती. खुडबुड्यानं पंजा वर केला की घर जिथल्या तिथे थांबायचं. बायकोचं उलथणं कढईत अडकून राही. त्याची सात वर्षांची लेक गोटी एका पायावर उभी असेल तर एका पायावरच राही. हात खाली आला की सगळी एकदम श्वास सोडत आणि हसत. यात सगळ्यांत तरबेज कोण, तर बाबा. त्यांची अख्खी नोकरी वाचनालयाच्या खोलीत लोकांना गप्प बसवण्यात गेलेली. "तीस वर्षं मी दुसऱ्यांना गप्प केलं, आता पोरगा मला करतो. फिटंफाट!" असं ते म्हणत, आणि हात वर गेला की शिंकसुद्धा गिळून टाकत.

मग ती मालिका आली. एक मुलगी आणि तिची मोडक्या शिंगाची शेळी, आजीच्या लाकडी कपाटाची होडी करून जग बघायला निघतात. पहिल्याच भागात त्यांना एक झोपलेला म्हातारा डोंगर ओलांडायचा असतो, आणि तोही त्याच्या छातीवरून, त्याला जाग न आणता. डोंगराचा श्वास खाली गेला की दोन पावलं पुढे, वर आला की थांबायचं. सगळा भाग त्या श्वासावर उभा होता.

खुडबुड्यानं काय काय नाही केलं! लोहाराचा भाता आणला, सायकलचा पंप आणला, स्वतः उशीत तोंड खुपसून घोरला. दिग्दर्शकबाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मान हलवायच्या. "झोपलाय खरा. पण म्हातारा नाही झालेला."

बाबा तेव्हा पुढच्या खोलीत खाटेवर होते. छातीचं दुखणं जुनं, पण आता ते उठू देत नव्हतं. त्यांच्या उशाशी जे कपाट होतं त्याचं दार असं काही कुरकुरायचं की होडीसाठी तेच हवं असं खुडबुड्यानं ठरवलं. एका दुपारी बायको कामावर, गोटी शाळेत, आई औषधं आणायला गेलेली. त्यानं कपाटासमोर माइक लावला, कानांवर हेडफोन चढवले, आणि दाराला हात लावायच्या आधीच त्याला ते ऐकू आलं. खोल ओढ. मग मध्येच काही नाही, इतका वेळ काही नाही की ऐकणाऱ्याचाच जीव टांगणीला लागावा. मग बारीक शीळ, आणि तिच्या मागून दरड सरकावी तशी घरघर. बाबा झोपेत होते.

त्यानं माइक हळूच उशीकडे वळवला आणि यंत्र सुरू केलं.

एवढ्यात बाबांनी डोळे उघडले. "पाणी दे रे," म्हणाले.

आणि खुडबुड्याचा पंजा वर गेला. ठरवून नव्हे; तापल्या तव्यावरून हात मागे यावा तसा आपसूक. बाबांनी त्या पंजाकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, कळलं अशी मान हलवली आणि ओठ मिटले. हात खाली घेता आला असता. फ्रिज दहा पावलांवर होता. पण हेडफोनमध्ये आता जो श्वास येत होता तो झोपेतल्यापेक्षाही सरस होता. तहान दाबून धरलेला, सावकाश, खोकला परतवून लावणारा. 'आणखी एक,' तो मनात म्हणाला. मग आणखी एक.

हात खाली आला तसं तो धावतच फ्रिजमधली बाटली घेऊन आला. बाबांना पहिल्याच घोटाला ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "चांगलं आलं का?"

ते कपाटाबद्दल विचारत होते.

"छान आलं, बाबा."

एकोणीस दिवसांनी बाबा गेले. त्या एकोणीस दिवसांत सांगायला शंभर वेळा सवड होती. एकदा तर तो खाटेवर जाऊन बसलाही होता, पण बाबांनीच 'कपाटाला तेल घालू नकोस हं, तुझ्या कामाचं आहे' म्हटलं, आणि तो 'बरं' म्हणून उठला.

दिग्दर्शकबाईंनी श्वास ऐकला, डोळे उघडले आणि नुसतं "कुठे मिळाला?" एवढंच विचारलं. "मिळाला," तो म्हणाला.

पहिला भाग रविवारी सकाळी दहाला लागायचा होता. खुडबुड्यानं शनिवारीच आईला मावशीकडे पोचवलं. "जरा हवापालट होईल," म्हणाला. आई त्याच्याकडे बघत राहिली. हवापालटाला मावशीचं घर म्हणजे दोन रस्ते सोडून तिसऱ्यावर. पण गेली बिचारी. तो भाग गोटीनं सोफ्यावर उभं राहून पाहिला. खुडबुड्या तेवढा वेळ न्हाणीघरात नळ सोडून बसला होता.

मालिका अशी गाजली की विचारू नका. आठवड्याभरात इमारतीतली झाडून सगळी मुलं डोंगर-डोंगर खेळू लागली. एकानं जिन्यात आडवं पडायचं, श्वास ओढायचा, थांबायचं, शीळ घालायची. बाकीच्यांनी त्याच्यावरून दबकत जायचं. आणि हे खुडबुड्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. आईला टीव्हीपासून लांब ठेवता येतं, जिन्यापासून कसं ठेवणार?

त्या दिवशी तो आईच्या मागून भाजीची पिशवी घेऊन चढत होता. दुसऱ्या मजल्यावर समोरच्यांचं पोर पायरीवर आडवं होतं. ओढ. थांबणं. शीळ. घरघर.

आईनं कठडा धरला. "हे कोणी शिकवलं रे तुला?"

"आजी, तुम्हाला माहीत नाही? डोंगर असाच झोपतो!"

आई मागे वळली नाही. वर आली, चपला काढल्या आणि गोटीला म्हणाली, "तुझं ते डोंगराचं लाव बघू."

पडद्यावर मुलगी आणि शेळी पाऊल मोजत चालली होती. आई सोफ्याच्या कडेला ताठ बसलेली. तिसऱ्या श्वासाला म्हणाली, "हे त्यांचं आहे."

खुडबुड्यानं होकाराची मान हलवली.

"म्हणजे आजोबा डोंगर आहेत?" गोटी किंचाळली. "माझे आजोबा डोंगर आहेत!" आणि कोणी अडवायच्या आत ती जिन्यात पोचली.

मग काय, शेजारपाजारचे येऊन सांगू लागले. "पोरानं बापाचं सोनं केलं हो!" "असा मुलगा नशिबानं मिळतो." समोरच्या बाईंनी तर डोळे पुसले. आई सगळ्यांना होकार देत होती, आणि खुडबुड्याला प्रत्येक कौतुक चपलेसारखं लागत होतं. त्यापेक्षा कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर तो त्यांना चहा पाजून पाठवता.

दोन दिवसांनी आई म्हणाली, "त्यात मध्येच ती मुलगी बोलते. बाजा वाजतो. तुझ्याकडे नुसतं त्यांचं असेल ना? मला ऐकव. पुरं."

"बघतो," म्हणाला.

बघायचं काय होतं? सकाळी बायको आणि गोटी बाहेर पडल्यावर तो यंत्रापुढे बसला. सुरुवातीला 'पाणी दे रे', शेवटी ठसका आणि 'चांगलं आलं का?'. थांबवायचं बटण दाबायचं त्या दिवशी राहून गेलं होतं. दोन्ही टोकं छाटली की राहिला नुसता श्वास; बोटाचं काम, शेंबडं पोरही करील. त्यानं पुढचं टोक निवडलं. पडद्यावर तो तुकडा निळा झाला. एक कळ दाबायची बाकी होती.

पण बाबा गेल्यापासून त्यांचं बोलणं म्हणून घरात काय उरलं होतं? पाच-सहा शब्द, आणि ते सगळे या दोन टोकांत. आपली लाज झाकायची तर आईच्या हिश्श्याचे बाबा कापावे लागणार. त्यानं ती निवड सोडली. मग यंत्र उचललं आणि पुढच्या खोलीत गेला.

आई रिकाम्या खाटेवर बसून कपड्यांच्या घड्या करत होती. त्यानं हेडफोन तिच्या कानांवर बसवले. "आई, आधी ऐक. मग काय बोलायचं ते बोल."

त्याला काही ऐकू येत नव्हतं, पण यंत्रावरचे सेकंदांचे आकडे दिसत होते. चौथ्या सेकंदाला आईचा चेहरा उजळला. दार उघडावं आणि हवं ते माणूस समोर असावं, तसा. मग ती वाट पाहू लागली. भांड्याचा आवाज, पाण्याचा आवाज, कोणी उठल्याचा आवाज. दहा सेकंद. तीस. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग आकड्यांकडे. पावणेदोन मिनिटं झाली तेव्हा तिच्या हातातला टॉवेल अर्ध्या घडीवरच राहिला होता. शेवटचे शब्द आल्यावर तिनं हेडफोन मानेवर ओढले.

"हात वर केलास?"

"हो."

"आणि ते थांबले."

"हो."

"पाणी थंड दिलंस?"

"फ्रिजमधलं."

"त्यांना कोमट लागायचं," आई म्हणाली. "ते भांडं झाकून मी उशाशीच ठेवलेलं असायचं."

ते भांडं त्याला त्या दिवशी दिसलंच नव्हतं.

तिनं हेडफोन पुन्हा कानांवर चढवले. "परत लाव. पहिल्यापासून."

त्यानं लावलं. "आई, मी त्यांना सांगायला..." त्यानं तोंड उघडलं, तोच आईचा पंजा वर गेला. डोळे मिटलेले, पंजा त्याच्या दिशेनं.

आवाज संपला, आकडे थांबले. आईनं न बघताच बोटानं खूण केली, परत. त्यानं परत लावलं आणि कपाटाला पाठ टेकून उभा राहिला. दार थोडं कुरकुरलं, तसा तो तिथूनही बाजूला झाला. आईचा हात अजून वरच होता.