रिकामा टोप परत देऊ नये

आमची बोरिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आई आणि मी दहिसरला भाड्याच्या घरात आलो. येताना मी निम्मी भांडी भंगारात काढली. बुडाला चेपलेला, गॅसवर डुगडुगणारा स्टीलचा एक लहान टोपही त्यातच होता. सामान भरणाऱ्यांनी तो चुकून उचलून आणला. म्हटलं, राहू दे मेला.

आईचं विसरणं आधीपासूनचंच. इथे आल्यावर पार वाट लागली. मी तिची मुलगी, हेही आठवेना. रोज संध्याकाळी दारापाशी उभी. "माका घराक जावचा." कुठलं घर दाखवू हिला? तिथे पत्रे ठोकलेत आणि आत खड्डा आहे. एकदा रिक्षाने नेऊनही आणलं. खड्डा बघून म्हणाली, "हय कित्याक हाडलंस माका?"

एक दिवस भांडी पुसताना ती त्या टोपाच्या काठावरचं नाव वाचायला लागली. भांड्यांवर दुकानातल्या मशीनने नाव घालून घेतात ना, ठिपक्याठिपक्यांचं, तसलं. पुढे सौ. लावलेलं तिचंच नाव. पेपर उलटा धरणारी बाई, पण हे अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं. म्हटलं, सापडलं. टोप तिचा हे पटलं, की घरही तिचंच हे पटेल.

"ह्यो टोप कोणाचो गो?"

"तुझा. तुझंच नाव आहे त्यावर."

"माझा नाव ह्यां न्हय."

मग माझी ट्यूब पेटली. लग्नात तिचं नाव बदललं होतं, ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहून. सगळा संसार तिने त्या नावाने केला, आणि नेमकं तेच नाव तिच्या डोक्यातून गेलं. माहेरच्या नावाने हाक मारली की अजून ओ देते.

मी भांडले तिच्याशी. रेशनकार्ड नाचवलं, लग्नाचा फोटो नाकासमोर धरला. ती घाबरली. "शेजारणीचो टोप आपल्याकडे रवलो, तर माझ्यार कित्याक ओरडतंस?" मग मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. दुसरं काय करणार होते?

तेव्हापासून संध्याकाळी ती टोप परत द्यायला निघते. रिकामा टोप परत देऊ नये, हे मात्र विसरलेली नाही. त्यात मूठभर साखर घालते. दारात मी हात पुढे करते, म्हणते, "दे, मी नेऊन देते." ती देते, आत येऊन बसते, दोन घास जेवतेही. घराक जावचा म्हणत नाही. नंतर मी साखर डब्यात ओतते आणि टोप पुन्हा ओट्यावर, तिला दिसेल असा ठेवते. भंगारात काढलेली वस्तू आता मी जिवापाड जपते.

काल टोप देता देता ती थांबली. "तिका कोण आसा गो घरात?"

"मुलगी आहे एक."

"चेडू? बघता मा तिका?"

"बघते," मी म्हटलं. राहवलं नाही, म्हणून पुढे बोलले, "पण आई तिला ओळखत नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग टोप माझ्या हातातून काढून घेतला, आत गेली आणि डब्यातली आणखी एक मूठ साखर त्यात घालून आली.

"ही त्या चेडवाक दी," म्हणाली.